चाळमालकाच्या मुलखात

गिरगावात हिंडायचे तर मान वर करून हिंडावे. खाली पाहिले तर मोटारी, फेरीवाले आणि २०२५ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या भुयारी मेट्रोचे जिने, एवढेच दिसते. मान वर केली की जुने गिरगाव भेटते. लाकडी कठड्याचे लांबलचक सज्जे, त्यांवर वाळत घातलेले कपडे, डब्यात लावलेली तुळस, आणि या दिवसांत दाराआड एकेक लोंबणारा आकाशकंदील. पण आणखी एक गोष्ट दिसते. सज्ज्याखाली उभे केलेले टेकू. कुठे लाकडी, कुठे लोखंडी. एखाद्या म्हाताऱ्याने दोन्ही हातांत काठ्या घ्याव्यात तशी कित्येक इमारत या टेकूंवर उभी आहे.

चाळीविषयी मराठीत थोडेथोडके लिहिले गेलेले नाही. चाळीतले नळावरचे भांडण, चाळीतला गणपती, चाळीतले प्रेम, सारे काही लिहून झाले आहे. १८९३ साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव जिथे झाला, ती केशवजी नाईकांची चाळ इथलीच. परंतु हे सारे साहित्य भाडेकरूंचे. घरमालक त्यात येतो तो पहिल्या तारखेला भाडे मागायला, आणि हशा पिकवून निघून जातो. तो कोण होता, त्याने पैसे कुठून आणले, त्याला त्यातून काय मिळाले, हे विचारावेसे कुणाला वाटले नाही.

यंदा मला त्याच माणसाचा माग काढायचा होता. त्याला कारण आहे. चाळीतल्या भाडेकरूंची मुले आणि नातवंडे आता शिकून-सवरून ठाण्याला, डोंबिवलीला, पुण्याला स्वतःच्या घरांत राहतात. त्यांतल्या पुष्कळांनी प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशातून किंवा बँकेच्या कर्जावर दुसरी एक छोटी जागा घेतली आहे आणि ती भाड्याने दिली आहे. “म्हातारपणी महिन्याला काही येत राहील” हा त्यामागचा विचार. म्हणजे काल जे भाडे मोजून देत होते, तेच आज भाडे मोजून घेत आहेत. मग ज्याने हा उद्योग शंभर वर्षांपूर्वी केला, त्याचा जमाखर्च एकदा पाहायला नको का?

तेव्हा चाळ बांधणे हा चांगला उद्योग समजला जाई. गिरण्या निघाल्या, बंदर वाढले, कोकणातून आणि घाटावरून माणसांचे लोंढे आले, आणि त्यांना डोके टेकायला खोली हवी होती. गिरणीमालकांनी व बड्या व्यापाऱ्यांनी चाळी बांधल्या. तशाच पोटाला चिमटा घेऊन साठवलेल्या पैशांतून एखादी दुमजली चाळ उठवणारे लहान मालकही होते. कर्ता पुरुष गेला तरी मागे राहिलेल्या बायकामुलांना चाळीचे भाडे पोसील, हा हिशेब. १८९६ साली प्लेगने शहराला घेरले, आणि दाटीवाटीच्या, उजेड-वारा नसलेल्या घरांचे पाप सर्वांच्या डोळ्यांपुढे आले. १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, रुंद रस्ते निघाले, नव्या चाळी उभ्या राहिल्या. तरी खोल्या कमी आणि माणसे जास्त, हे गणित काही बदलले नाही.

पहिल्या महायुद्धात भाडी भडकली तेव्हा, १९१८ साली, सरकारने भाड्यांवर पहिल्यांदा लगाम घातला. पुढे तो सुटला. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा आवळला गेला, आणि १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने त्याची पक्की गाठ मारली. १ सप्टेंबर १९४० रोजी खोलीला जे भाडे होते तेच प्रमाण भाडे, आणि भाडेकरू ते देत आहे तोवर त्याला सहजासहजी काढता येणार नाही. हेतू वाईट नव्हता. फाळणीचे दिवस, जागेची टंचाई, गरजवंताला अक्कल नसते आणि घरमालकाला दया नसते अशी स्थिती. कायदा आला नसता तर हजारो कुटुंबे रस्त्यावर आली असती. पण जे औषध चार दिवसांसाठी होते ते पन्नास वर्षे चालू राहिले.

मुगभाटाच्या बाजूला एका चाळीच्या तळमजल्यावर स्वतःच मालक राहतात. वय सत्तरीच्या पुढचे. त्यांनी मला आतल्या खोलीतून कापडी बांधणीची भाडेवही आणून दाखवली.

“चोवीस बिऱ्हाडं आहेत,” ते म्हणाले. “सगळ्यांचं मिळून महिन्याला तीन हजारसुद्धा होत नाहीत. मोरीचा एक नळ बदलायचा तर प्लंबर पाच हजार सांगतो. आजोबांनी चाळ बांधली, वडिलांनी सांभाळली, मी नुसती बघतो.”

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना मी त्यांचे हे म्हणणे सांगितले. त्या निवडत असलेली मेथी बाजूला ठेवून म्हणाल्या, “अहो, बरोबर आहे त्यांचं. पण पंचवीस वर्षांत या भिंतीला चुन्याचा हात लागला नाही. पावसाळ्यात पातेली मांडून बसतो आम्ही. मग भाडं वाढवून कशापायी द्यायचं?”

दोघेही खरे बोलत होते, आणि चाळीची सारी शोकांतिका या दोन खऱ्या वाक्यांत आहे. भाडे थिजले म्हणून डागडुजी थांबली. डागडुजी थांबली म्हणून भाडे वाढवायला तोंड उरले नाही. मधल्यामध्ये तुळई कुजत राहिली.

याला वाटा फुटल्या त्याही वाकड्या. उघड भाडे वाढवता येत नाही, म्हणून पागडी आली. खोली सोडणाऱ्याने नव्या माणसाकडून रक्कम घ्यायची, मालकाने त्यात आपला वाटा घ्यायचा, आणि पावती कुणी कुणाला द्यायची नाही. इमारती पडू लागल्या तेव्हा १९६९ साली सरकारने दुरुस्ती मंडळाचा कायदा केला आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्यातून डागडुजी करायचे ठरवले. अशा उपकरप्राप्त इमारती त्या वेळी एकोणीस हजारांहून अधिक होत्या. आज हे काम म्हाडाकडे आहे, आणि दर पावसाळ्याच्या तोंडाशी अतिधोकादायक इमारतींची यादी वर्तमानपत्रांत येते. अखेर डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले की इतकी वर्षे भाडे एका जागी गोठवून ठेवणे आता न्याय्य राहिलेले नाही. मग महाराष्ट्राचा नवा भाडेनियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने पागडीला कायदेशीर केले आणि मालकाला दरसाल शेकडा चार वाढीची मुभा दिली. पण मूळ आकडाच लहान. त्या वर्षी शंभर रुपये भाडे असेल, तर चक्रवाढीने धरूनही पंचवीस वर्षांत ते पावणेतीनशेच्या आतच राहते.

गिरगावातून चालत दहा-पंधरा मिनिटांवर गावदेवी आहे. या भागात शहाण्या भाडेकरूंनी निराळी वाट काढली. १९१५ साली श्रीपाद सुब्राव तल्मकी यांच्या पुढाकाराने सारस्वत मंडळींनी इथे सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन केली. देशातल्या अगदी पहिल्या गृहसंस्थांत तिची गणना होते. कुणा मालकाच्या दारात उभे राहण्यापेक्षा आपणच मिळून मालक व्हावे, ही ती कल्पना. पुढे तीच सर्व मध्यमवर्गाची झाली. भाड्यासाठी इमारत बांधणे आतबट्ट्याचे ठरल्यावर बांधणाऱ्यांनी खोल्या भाड्याने देणे सोडले आणि ‘ओनरशिप’वर विकणे धरले. त्यासाठी १९६३ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. पुढे गिरगावात भाड्याची नवी चाळ काही कुणी बांधली नाही.

ग्रँट रोडला गाडीत बसून लोअर परळला उतरले, की आणखी एक धडा वाचायला मिळतो. ज्याला आपण बी. डी. डी. चाळी म्हणतो, त्या १९२० नंतरच्या काळात सरकारने स्वतः मालक होऊन बांधल्या. डिलाईल रोड, वरळी, नायगाव आणि शिवडी अशा चार ठिकाणी मिळून २०७ इमारती. बेत पन्नास हजार खोल्यांचा होता. सोळा हजारांच्या आसपास बांधून झाल्यावर हात आखडता घ्यावा लागला. खोली बांधायला आलेला खर्च भरून निघेल इतके भाडे गिरणी कामगाराला झेपेना. तोटा सोसून भाडे कमी लावले, तरी सुरुवातीला कितीतरी खोल्या रिकाम्या राहिल्या. आता त्या चाळींच्या जागी मनोरे उठत आहेत आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना स्वतःच्या मालकीच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

त्या सिमेंटच्या चाळींपुढे उभे राहून एक गोष्ट लक्षात ठेवावी. घराची किंमत जमीन, सिमेंट आणि बांधणारा ठरवतो. भाडे मात्र भाडेकरूचा पगार ठरवतो. या दोन आकड्यांचा एकमेकांशी आपण समजतो तितका संबंध नसतो. सरकारसारख्या बलाढ्य मालकाला जे चुकवता आले नाही, ते तुम्हां-आम्हांला कसे चुकवता येईल?

आता डोंबिवली. दादरला गाडी बदलून, गर्दीत अंग चोरून, आपण तिथे पोचतो. दिवाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी फडके रोडवर नटून-थटून आलेल्या तरुणांची जी जत्रा भरते ती ज्याने पाहिली त्याला, गिरगावचा वारसा कुठे गेला हे वेगळे सांगायला नको. इथे मला एक जोडपे भेटले. यजमान बँकेतून निवृत्त झालेले, वहिनी शाळेत शिक्षिका होत्या. वहिनींचे माहेर गिरगावातले. “माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं पहिल्या तारखेला भाडं भरलं,” त्या हसून म्हणाल्या. “आता पहिल्या तारखेला मी वाट बघते!”

त्यांची भाड्याची जागा स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर. सांगलीकडचे एक तरुण जोडपे तिथे राहते. आम्ही चहा घेत-घेत कागदावर हिशेब मांडला. आकडे त्यांचे नव्हेत, नमुन्यादाखल घेतले, पण रीत त्यांची.

समजा, जागा साठ लाखांची आणि भाडे सोळा हजार. वर्षाचे झाले एक लाख ब्याण्णव हजार. ऐकायला बरे वाटते. आता खर्चाची बाजू. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत एक महिना जागा रिकामी, सोळा हजार गेले. दलालाला एक महिन्याचे भाडे, आणखी सोळा हजार. सोसायटीचा आकार महिना अडीच हजार, वर्षाचे तीस हजार. घरपट्टी सहा हजार. रंग, नळ, विजेची फिटिंग मिळून पंधरा हजार. गेले त्र्याऐंशी हजार. हाती राहिले एक लाख नऊ हजार, म्हणजे साठ लाखांवर शेकडा दोन रुपयांच्याही आत. प्राप्तिकर याच्या पुढचा. घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यातून तीस टक्के सूट मिळते, पण ती घेतल्यावर दलाली आणि डागडुजी वेगळी दाखवता येत नाही.

“आणि कर्ज काढून घेतली असती तर?” मी विचारले.

यजमानांतला बँकवाला जागा झाला. “पंचेचाळीस लाख कर्ज, वीस वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता एकोणचाळीस हजार. भाडं सोळा हजार. लोक म्हणतात, भाड्यातून हप्ता फिटेल. अहो, अर्धासुद्धा फिटत नाही! उरलेला पगारातून भरायची ताकद असेल त्यानंच त्या वाटेला जावं.”

जागेचा भाव वाढेल, हे या मंडळींचे शेवटचे उत्तर असते. वाढेलही. पण ती निराळी पैज आहे, तिला भाड्याचे उत्पन्न म्हणू नये. भाव वाढला तरी घर विकल्याशिवाय त्यातले पैसे हाती येत नाहीत, आणि औषधाच्या बिलासाठी भिंतीची एक वीट काढून देता येत नाही.

मग वहिनींनी ही जागा ठेवली का? कारण ती कर्जाशिवाय घेतलेली आहे, आणि त्यांना घरमालकीण होण्याचे काम जमते. होय, ते काम आहे. बसून खाण्याचे उत्पन्न म्हणून जे त्याकडे पाहतात, तेच पुढे कपाळाला हात लावतात. वहिनींच्या रीतीतल्या काही गोष्टी आपल्या वाचकांसाठी टिपून आणल्या आहेत.

पहिली गोष्ट, जागा घेताना त्यांनी बाल्कनीतून काय दिसते ते पाहिले नाही, राहायला कोण येईल ते पाहिले. स्टेशन, शाळा, बाजार जवळ हवा, जागा लहान हवी. मोठ्या जागेला श्रीमंत भाडेकरू लागतो, आणि श्रीमंताला स्वतःचे घर असते.

दुसरी, त्या वर्षाचे महिने अकराच धरतात. चांगला भाडेकरू हजार रुपये कमी मागत असेल तर देतात. कारण हजाराने वर्षाचे बारा हजार जातात, आणि एक महिना कुलूप राहिले तर सोळा.

तिसरी, कागद. बिनकागदाच्या भरवशाची किंमत मालकांनी मोजलेली आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्यावर म्हणजे ‘लिव्ह अँड लायसन्स’वर जे जागेत राहत होते, त्यांना कायद्याने भाडेकरूचे संरक्षण मिळाले, आणि तेव्हापासून “जागा कुलूप लावून ठेवीन, पण देणार नाही” ही धास्ती मालकांच्या मनात बसली. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली. त्यांतल्या काहींच्या दारावर तरी हीच धास्ती कुलूप होऊन लोंबत असणार. आता स्थिती तशी नाही. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याविरुद्ध मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि तोवर दुप्पट आकार मागता येतो. पण त्यासाठी करार लेखी आणि नोंदवलेला असला पाहिजे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत आपल्या राज्यात चुकीची आहे. नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि ती टाळली तर वाद उपस्थित झाल्यावर भाडेकरूचे म्हणणे आधी ग्राह्य धरले जाते. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देणे हेही त्यातच आले. सोसायटी भाड्याच्या जागेवर मनाला येईल तो जादा आकार लावू शकत नाही. २००१ पासून त्याला सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे.

आणि चौथी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. वहिनींनी बँकेत एक वेगळे खाते काढले आहे. त्याला त्या ‘घराचे खाते’ म्हणतात. वर्षातल्या दोन महिन्यांचे भाडे त्यात जाते, आणि त्याला लग्नकार्य असो की सहल, कुणी हात लावायचा नाही.

“ते पैसे आमचे नाहीतच,” त्या म्हणाल्या. “भिंतींचे आहेत. माझ्या वडिलांच्या चाळीत कुणी भिंतींचे पैसे बाजूला काढले नाहीत. मालकाला परवडत नव्हतं, आम्हांला द्यायचं नव्हतं. शेवटी सज्जा कोसळला. तेव्हा मालकाची चाळ गेली आणि आमचं घर गेलं.”

ज्याच्याजवळ आयुष्यभराची एवढीच पुंजी आहे, त्याने ती सगळी एका भाड्याच्या जागेत घालू नये, असे माझे स्वच्छ मत आहे. बँकेतल्या ठेवीत नळ गळत नाही. परंतु ज्याने जागा घेतलीच आहे, त्याने भाडे मोजताना त्यात तिघांचा वाटा आहे हे ओळखावे. एक मालकाचा, एक सरकारचा आणि एक त्या घराचा. पहिले दोन वाटेकरी तोंडाने मागून घेतात. तिसऱ्याला तोंड नाही. तो पावसाळ्यापुरता ओल होऊन भिंतीवर उमटतो, आणि तेवढ्यानेही कुणी ऐकले नाही तर टेकू मागतो.

मी निघालो तेव्हा वहिनी भाडेकरूकडे जायच्या तयारीत होत्या. हातात फराळाचा डबा होता आणि बरोबर गवंडी होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून यंदा पाणी आत आले होते. भाऊबीजेला त्या मुलीच्या माहेरची माणसे येणार होती, त्याआधी ते काम उरकायचे होते.